अण्णाभाऊंचा भीमा आणि सॅलिनासचा लेनी

(सांगली येथे कार्यकर्ते, शिक्षक व ग्रंथालय-सेवक यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संकलित मजकूर)

अमेरिकन कथावाङ्मयातील कष्टकरी माणूस, त्याचे एकाकीपण आणि त्याची स्वप्ने, असा विषय आपण मला दिला आहे. कृष्णा-वारणेच्या काठी बसून कॅलिफोर्नियातील शेतमजुरांची चर्चा कशासाठी करायची, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. माझे उत्तर असे की, ज्या प्रदेशातून माणसे पोटासाठी बाहेर पडली, त्या प्रदेशाला ही कथा परकी नाही. सातारा आणि सांगली हे पूर्वी एकच होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. या दोन्ही जिल्ह्यांच्या पश्चिमेला धो धो पाऊस, पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळचा कायमचा दुष्काळ. आणि दोन्हीकडून मुंबईच्या वाटेला लागलेली माणसे. मुंबईच्या गिरण्या, गोद्या आणि दाणाबंदर यांना आपल्या मुलखाने किती खांदे पुरवले याचा हिशेब अजून कोणी नीट मांडलेला नाही. म्हणून आज मी अमेरिकेची गोष्ट सांगेन ती आपल्या गोष्टीशेजारी ठेवून.

जॉन स्टाइनबेक यांची एक छोटी कादंबरी १९३७ साली प्रसिद्ध झाली. नाव 'ऑफ माइस अँड मेन'. जॉर्ज आणि लेनी हे दोन फिरस्ते शेतमजूर. कॅलिफोर्नियातील सॅलिनासच्या खोऱ्यात सोलेदाद नावाच्या गावाजवळच्या एका मोठ्या शेतावर ते कामाला येतात. सोलेदाद या स्पॅनिश शब्दाचा अर्थच एकांत, एकटेपण. लेनी अंगाने अवाढव्य, बुद्धीने लहान मुलासारखा. मऊ वस्तूंवरून हात फिरवायची त्याला ओढ. पण त्या हातांत एवढे बळ की ज्याला कुरवाळायचे तेच मरून जाते. दोघांचे एक स्वप्न आहे. थोडीशी जमीन, एक लहानसे घर, काही कोंबड्या आणि लेनीने सांभाळायचे ससे. लेनी हे स्वप्न जॉर्जकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतो, जसे आपल्याकडचे मूल तीच ती गोष्ट आजीकडून रोज ऐकते.

त्या शेतावर आणखी काही माणसे आहेत. यंत्रात हात गमावलेला म्हातारा झाडूवाला कँडी. घोड्याच्या लाथेने पाठ मोडलेला काळा तबेलेवाला क्रूक्स. गोऱ्या मजुरांच्या खोलीत त्याला प्रवेश नाही, तो खोगिरे आणि लगाम ठेवण्याच्या खोलीत एकटा राहतो, पुस्तके वाचतो. मालकाच्या मुलाची बायको. तिला कादंबरीत नावसुद्धा नाही, तिला सिनेमात जायचे होते. ही सगळी माणसे एकाच आवारात राहतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याला थोडा भितो. शेवटी लेनीच्या हातून त्या बाईचा जीव जातो आणि जमाव त्याला हालहाल करून मारील म्हणून जॉर्ज स्वतःच त्याला गोळी घालतो. गोळी घालण्यापूर्वी तो त्याला पुन्हा एकदा सशांची गोष्ट सांगत असतो.

या कादंबरीबद्दल बोलताना बहुतेक टीकाकार स्वप्नभंगाबद्दल बोलतात. मला मात्र तिच्यातील एक वेगळी जागा महत्त्वाची वाटते. हे स्वप्न दोघांचे असते तोवर ते केवळ बोलण्याचे असते. पण म्हातारा कँडी ते ऐकतो आणि हाताच्या भरपाईचे आलेले पैसे व शिलकीतले थोडे असे मिळून तीनशे डॉलर मी घालतो, मला तुमच्यात घ्या, असे म्हणतो. त्याचा म्हातारा कुत्रा निरुपयोगी झाला म्हणून नुकताच गोळी घालून संपवलेला असतो. आपलीही पाळी येणार हे त्याला दिसलेले असते. त्या क्षणी स्वप्नाला पहिल्यांदा आकडे लागतात. ते शक्य कोटीत येते. पुढे क्रूक्ससुद्धा, आधी टर उडवून, हळूच म्हणतो की मला पगार नको, मी तुमच्या बागेत खुरपणी करीन. तेवढ्यात मालकाची सून येते आणि तुला झाडाला टांगायला मला एक शब्द पुरेल, अशा अर्थाची धमकी देते. क्रूक्स आपला शब्द मागे घेतो. भागीदारीचे हे स्वप्न बाहेरच्या दुर्दैवाने मोडण्याआधी आतल्या वर्णभेदाने एका जागी उसवलेले असते. लेखकाने हे कुठेही भाष्य करून सांगितलेले नाही. वाचकाने ते पाहायचे आहे.

आता आपल्या भीमाकडे येऊ.

अण्णाभाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावचा. वाळवे तालुक्यातले हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. मांग समाजात जन्म. ज्या समाजावर गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्का ब्रिटिशांनी मारला तो समाज. शाळा म्हणावी अशी झालीच नाही. कोवळ्या वयात आईबापांबरोबर वाटेगावहून चालत चालत मुंबई गाठली. मिळेल ते काम केले, मजुरांच्या चळवळीत अक्षर घोटले, १९४४ साली अमरशेख आणि गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभे केले. तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. 'फकिरा'ला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी ते सोव्हिएत रशियाला जाऊन आले. आणि आयुष्याचा मोठा काळ घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहिले. १८ जुलै १९६९ रोजी वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. भीमा हा वारणाकाठचा धिप्पाड गडी. गावात त्याच्या ताकदीला काम नाही, म्हणून तो बायको आणि लाडकी लेक नाबदा यांना घेऊन मुंबईच्या उपनगरात येतो. डोंगर फोडणाऱ्या खाणीत त्याला काम मिळते. पहार उचलली की डोंगर मागे सरतो असा त्याचा आवाका. ठेकेदार खूश, भीमा खूश. आणि एक दिवस खाण बंद पडते. का पडते, कोणी पाडली, हे भीमाला कोणी सांगत नाही. पुढे काय, या विचारात असताना त्याला स्मशानाच्या राखेत सोन्याची अंगठी सापडते. मग तो राख चाळू लागतो, नंतर पुरलेली प्रेते उकरू लागतो. जिवंत माणसे काम देत नाहीत, मेलेली देतात, हा त्याचा हिशेब. बायकोला ते सहन होत नाही. पण चूल पेटते हे तिलाही दिसते. शेवटी एका रात्री प्रेतासाठी कोल्ह्यांशी झुंज होते, प्रेताच्या जबड्यात सोने शोधताना भीमाची बोटे अडकतात, आणि दोन बोटे कापून टाकावी लागतात. नेमकी त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. डोंगर फोडणारा भीमा लहान मुलासारखा रडू लागतो.

भीमा आणि लेनी हे भाऊ आहेत, असे मला नेहमी वाटते. दोघांच्याही ताकदीचे गिऱ्हाईक एकच. शरीर हेच त्यांचे भांडवल, पण त्याचा बाजार दुसऱ्याच्या हातात. लेनीच्या बळाला मालक धान्याच्या पोत्यांपुरता दाद देतो. भीमाच्या बळाला ठेकेदार दगडापुरता. जे बळ विकले जात नाही, ते बळ माणसाने कुठे ठेवायचे? लेनीच्या हातून ते प्रेमापोटी जीव घेते. भीमाच्या हातून ते प्रेतांच्या वाटेला जाते. अण्णाभाऊंच्या वारणाकाठच्या कथांत हेच बळ मानाचे असते. फकिरा दुष्काळात उपाशी मरणाऱ्यांसाठी धान्य लुटतो, इंग्रजांचा खजिना लुटतो, आणि आपल्या माणसांना वाचवण्यासाठी स्वतःला हवाली करतो. त्याच्या पाठीशी पोवाडा उभा राहू शकतो, कारण त्याला पाहणारे, ओळखणारे गाव आहे. मुंबईत तेच बळ घेऊन आलेल्या भीमाला ओळखणारे कोणी नाही. फकिरा आणि भीमा एकाच मातीचे; मधले अंतर वाटेगाव ते मुंबई एवढे आहे, आणि एकाच लेखकाने ती दोन्ही टोके लिहिली आहेत. अण्णाभाऊंना केवळ शौर्याचा कथाकार म्हणून गौरवणारे लोक भीमाची कथा बाजूला ठेवतात. ती बाजूला ठेवली तर अण्णाभाऊ अर्धेच उरतात.

आणखी एक गोष्ट. खाण पुन्हा सुरू होण्याच्या त्या योगायोगावर काही वाचक नाक मुरडतात. नाट्य जरा ठाशीव झाले म्हणतात. पण ज्यांनी बंद गिरणीच्या फाटकाबाहेर दिवस मोजले आहेत त्यांना विचारा. काम बंद होणे आणि सुरू होणे हे मजुराच्या दृष्टीने पावसासारखेच असते. कारण ते ठरवणारे हात त्याला दिसत नाहीत. कथेतील योगायोग हे त्या न दिसणाऱ्या हातांचे नाव आहे.

आता एकाकीपणाबद्दल. अमेरिकन मजूर आणि आपला मजूर यांचे एकटेपण सारखे नाही, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. जॉर्ज-लेनीसारखे मजूर घरदार, गाव, नातीगोती यांपासून तुटलेले. शनिवारचा पगार शहरात उडवायचा आणि पुन्हा नव्या शेतावर जायचे. आपला मजूर तुटलेला नसतो. तो ताणलेला असतो. त्याचे एक टोक परळ-लालबागच्या खोलीत, दुसरे पाटण-जावळीच्या डोंगरात किंवा शिराळ्याच्या शिवारात. एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या त्या गाववाल्यांत गर्दी अमाप होती, पण बायको नव्हती, मूल नव्हते, म्हातारी आई नव्हती. अण्णाभाऊंच्या 'माझी मैना गावाकडं राहिली' या छक्कडीने हे दुःख घराघरांत पोहोचवले. तिची खरी करामत अशी की, गावाकडे राहिलेली मैना पुढे संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाचे रूप घेते. एका मजुराचा विरह लाखो लोकांच्या मागणीत मिसळतो. लोककलेने राजकारणाला जे दिले त्याचे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

मात्र याच्याही आत आणखी एक एकटेपण आहे, आणि ते सर्वांच्या वाट्याला सारखे आलेले नाही. क्रूक्सची खोली तबेल्यात होती. आपल्याकडे ती गावकुसाबाहेर होती. आटपाडीच्या शंकरराव खरातांनी 'तराळ-अंतराळ'मध्ये एक प्रसंग लिहिला आहे. विहिरीत पडलेले प्रेत बाहेर काढायचे काम पोलीस त्यांच्या वडिलांवर लादतात. विहिरीत साप, काठावर मुकाट पाहणारा गाव, आणि बापाच्या जिवाने कासावीस झालेले पोर. भीमा प्रेताकडे भुकेने गेला. खरातांचे वडील जातीने नेमून दिलेल्या कामाने गेले. कामगार एकजूट असे आपण म्हणतो तेव्हा या दोघांत असलेला फरक विसरता येत नाही. क्रूक्सने शब्द मागे का घेतला याचे उत्तर ज्या चळवळीपाशी नसेल, तिचे भागीदारीचे स्वप्न त्याच जागी पुन्हा उसवेल.

तिसरी गोष्ट दुष्काळाची. स्टाइनबेक यांनी १९३९ साली 'ग्रेप्स ऑफ राथ' लिहिली. ओक्लाहोमातील धुळीच्या वादळांनी आणि कर्जाने जमिनीवरून उठवलेले जोड कुटुंब जुन्या गाडीत संसार घालून कॅलिफोर्नियाकडे निघते. भरपूर काम आहे अशी छापील पत्रके त्यांना मिळालेली असतात. पोहोचल्यावर कळते की, जिथे शंभर माणसे हवीत तिथे हजारांना पत्रके वाटली आहेत, म्हणजे मजुरी आपोआप पडावी. त्या राज्यातल्या बड्या शेतमालकांना ही कादंबरी इतकी झोंबली की, कर्न परगण्याच्या ग्रंथालयांतून ती काढून टाकण्यात आली. पुढे १९६२ साली याच लेखकाला नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या माणदेशाची अशी कादंबरी म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५ सालची. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, तिथे गेलेला एकटा तरुण मास्तर, कारभारी, आनंदा रामोशी. वाडीने श्रमाने तालीम बांधली, राजा तिच्या उद्‌घाटनाला आला. आणि मग पाऊस पडला नाही. मेंढरे मेली, माणसे निघून गेली, वाडी ओस पडली. माडगूळकर कोणावर आरोप करीत नाहीत. त्यांचा दुष्काळ हा निसर्गाचा आहे. स्टाइनबेक मात्र धुळीमागची बँक, बँकेमागचा ट्रॅक्टर आणि ट्रॅक्टरमागचा हिशेब दाखवतात. माडगूळकरांचे मोठेपण यामुळे उणे होत नाही. पण दुष्काळ आभाळातून किती पडतो आणि कचेरीतून किती, हा प्रश्न आपल्या मुलखाने पुढे साहित्याबाहेर विचारला.

तो कसा विचारला हे थोडक्यात सांगतो. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला. काम मागण्याचा हक्क कायद्यात आणणारी रोजगार हमी योजना ज्यांच्या कल्पनेतून उभी राहिली ते वि. स. पागे हे याच सांगली जिल्ह्यातले. तो कायदा १९७७ सालचा. शंभर जागांसाठी हजार पत्रके वाटणाऱ्या व्यवस्थेला हे एक उत्तर होते. दुसरे उत्तर मुंबईत मिळाले. ओझी वाहणाऱ्या माथाड्यांना मालकच नव्हता. आज या पेढीवर, उद्या त्या. मजुरी, रजा, भरपाई कोणाकडे मागायची? पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. कँडीला हात गेल्यावर जी भरपाई एकदाच मिळाली, तिच्या जागी मंडळ, नोंदणी आणि हक्क आले. ज्या वर्षी भीमाचा लेखक गेला, त्याच वर्षी हा कायदा आला.

तिसरे उत्तर सर्वांत बोलके आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप लांबला तसे पुष्कळ जण गावी परतले. खानापूर तालुक्यात परतलेल्या अशाच संपकऱ्यांच्या पुढाकाराने मुक्तिसंघर्ष चळवळ उभी राहिली. दुष्काळी कामावर खडी फोडून दुष्काळ हटत नाही, हे त्यांनी पाहिले आणि पाण्याचाच प्रश्न हाती घेतला. कासेगावचे भारत पाटणकर आणि अमेरिकेतून येऊन कासेगावच्या झालेल्या गेल ऑम्व्हेट या चळवळीत होत्या. २०२१ साली गेलबाई गेल्या, त्या याच मातीत. येरळेकाठी तांदूळवाडी-बलवडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात बळीराजा स्मृती धरण उभे केले. काही पैसा नदीतल्या वाळूच्या विक्रीतून, काही लोकवर्गणीतून, काही श्रमातून. आणि तत्त्व असे ठरवले की पाण्याचा वाटा माणशी, घरटी. ज्याला जमीन नाही त्यालाही.

मित्रहो, या तत्त्वाकडे कादंबरीच्या वाचकाच्या नजरेने पाहा. जॉर्ज आणि लेनी यांचे स्वप्न कुंपण घातलेल्या तुकड्याचे होते. त्यात दोघांनी यावे, फार तर चौघांनी. येरळेकाठचे स्वप्न कुंपणाचे नव्हते, वाट्याचे होते. क्रूक्सला आत घ्यायचे की नाही हा प्रश्न तिथे उपकाराचा उरत नाही. तो वाटपाच्या नियमातच सुटलेला असतो. कँडीचे तीनशे डॉलर जिथे थांबले तिथून पुढची ही पायरी आहे. एका लहान धरणाने सगळा दुष्काळ हटला असे मी म्हणणार नाही. पण स्वप्नाचा आकार बदलता येतो, हे तिथे सिद्ध झाले.

मग आज आपण कुठे आहोत? आज वाटेगावच्या परिसरात, कृष्णा-वारणेच्या दोन्ही काठांना, ऊस आहे. कारखान्यांच्या चिमण्या आहेत. बाहेर माणसे पाठवणारा हा मुलूख आता हंगामात बाहेरची माणसे बोलावतो. बीडहून, मराठवाड्यातून, आपल्याच जत भागातून टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत पाय बांधलेले. शिवारात पाचटाच्या कोप्या, कोप्यांत अर्धवट शाळा सोडून आलेली पोरे. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि शासनाला समिती नेमावी लागली. हंगामातला एक दिवस बुडू नये म्हणून शरीराचा एक भाग द्यायचा: भीमाच्या दोन बोटांची कथा संपली असे कोणी म्हणू नये.

म्हणजे आता सॅलिनासचे खोरे आपणच झालो आहोत. आपल्यातला कोणी शेतमालक आहे, कोणी कारखान्याचा सभासद, कोणी शिक्षक. ऊस कधी जातो याची चिंता आपल्या घरात असते. तो तोडणारी बाई रात्री कोणाशी बोलते, ही चिंता क्वचित असते. चळवळींनी दर, वजनकाटा, उचल, विमा हे प्रश्न हाती घेतले आणि घेतलेच पाहिजेत. पण माणसाचे एकटेपण हा मागणीपत्रकातला मुद्दा होत नाही, म्हणून तो प्रश्नच नाही असे समजण्याची सवय लागली. मालकाला मात्र तो प्रश्न नेमका समजतो. एकटा माणूस भाव करीत नाही. दर हंगामाला जागा बदललेला, गावाला अनोळखी, मुकादमाखेरीज कोणाला न ओळखणारा मजूर स्वस्त पडतो. एकटेपणाचीही मजुरी असते, आणि ती मजुराच्या मजुरीतून कापली जाते.

इथेच साहित्याचे काम सुरू होते. कथा मजुरी वाढवीत नाही. पण ज्याला आपण एक कोयता म्हणून मोजतो, ती दोन माणसे आहेत आणि त्यांनाही ससे पाळायचे आहेत, नाबदेसाठी काही आणायचे आहे, एवढे ती दाखवते. ते दिसल्यावर मग आपल्याला पूर्वीसारखे शिवाराकडेने निघून जाता येत नाही.

म्हणून या वर्गातील ग्रंथालय-सेवकांना आणि शिक्षकांना माझी विनंती साधी आहे. हंगामात ज्या गावाच्या शिवारात कोप्या पडतात, तिथल्या ग्रंथालयाची पेटी कोप्यांपर्यंत जाऊ द्या. तिथली पोरे गावच्या शाळेत पाहुणी म्हणून मागच्या ओळीत न बसता पटावर बसू द्या. संध्याकाळी मोठ्याने वाचून दाखवायला अण्णाभाऊंची एखादी कथा घ्या. ऐकणाऱ्यांना अक्षर येत नसले तरी चालेल, अण्णाभाऊंच्या लेखणीचा जन्म ऐकण्यातूनच झाला होता. आणि वाचून झाले की त्यांना बोलू द्या, आपण ऐका. त्यांच्यातला कोणी उद्या स्वतःची गोष्ट लिहील. ती लिहिली जाईल त्या वेळी तिच्यात आपले गाव कसे दिसेल, हे आज आपण ठरवीत आहोत.